दोन्ही पेले

नव्वद सालानंतर तीन वर्षं आम्ही सुरतेला नवागामात राहिलो. खालच्या खोलीतले ते धुळ्याकडचे गृहस्थ मला कधी बसलेले आठवत नाहीत. कापड गिरणीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बारा तास उभे राहून आले तरी चहा ओट्यापाशी उभ्यानेच घेत. "बसलो की पोटरीत गोळा येतो, मास्तर," म्हणत आणि बोलताना टाचा वर-खाली करत राहत.

एका उन्हाळ्यात शाळेतून परतताना जिन्यातच माझी पोटरी दगडासारखी झाली. मी कठडा धरून ओरडलो. ते धावत आले, मला पायरीवर बसवलं, गुडघा सरळ केला आणि पायाची बोटं माझ्याकडे वाकवून धरली. गोळा हळूहळू सुटला. मग तेल चोळता चोळता रागावले. "घाम जातो, त्याच्यासंगं मीठ जातं. दिवसभर पानी पीत नाही ना तुमी? लिंबू-मीठ टाकून पीत जा."

माझ्या बायकोने दोन पेले सरबत आणलं. त्यांनी आपला पेला ओठ ओले करून माझ्याकडे सरकवला.

"घ्या की. गोळे तर तुम्हालाच जास्त येतात."

"येतात ना. पन आता पाळीवर जायचंय. चार मशीन एकट्याकडं. लघवीला गेलो अन् तेवढ्यात धाग्याची तार तुटली तर कापड खराब. शेठ घरी बसवतो."

चपला घालून निघाले, आणि फाटकातून परत वळून मला दटावलं, "दोन्ही पेले संपवा."