तिसरा ठोका

दुर्गाघाटाच्या गल्लीत शिरून शरदिनी दातार कुठे राहतात असं विचारलंत, तर पानवाला क्षणभर डोकं खाजवतो आणि मग म्हणतो, "अच्छा, इंजनवाली दीदी!" ही पदवी कानावर आली की शरदिनी वरवर "काहीतरीच" म्हणते, पण स्वारी मनातून भलतीच खूश असते.

आता ज्या गल्लीत रिक्षा शिरत नाही तिथे इंजिन कुठून येणार? तर कुरिअरनं. हौशी लोकांची वीतभर लांबीची वाफेची इंजिनं, म्हणजे मॉडेलं. आत वाफ नसते, मोटर असते. पण भकभक मात्र खऱ्यासारखी हवी, म्हणून इंजिनाच्या पोटात बोटाच्या पेराएवढी एक पट्टी बसवतात. तिला डिकोडर म्हणतात. चाक किती वेगानं फिरवायचं आणि कुठला आवाज केव्हा काढायचा, हे सगळं ती ठरवते. तिच्यात शे-दोनशे सेटिंग्ज आणि प्रत्येकाचा नंबर ठरलेला. एक आकडा इकडचा तिकडे झाला की इंजिन उभ्या उभ्या धापा टाकतं, नाहीतर पळताना मुकं होतं. मग पुण्या-कोलकात्याचे मोठे साहेब फोन करतात, "ताई, आता तुम्हीच बघा." हे साहेब लोक घायकुतीला येऊन सगळं पुसून टाकतात आणि मग रडत बसतात. शरदिनीचं तसं नाही. आधी जुना आकडा वहीत लिहायचा, मग एका वेळी एकच बदल करायचा आणि मग ऐकायचं.

ऐकणं तिचं लहानपणापासूनचं. वडील ढुंढिराजगुरुजी घरी वेद शिकवत. त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून ही सात वर्षांची पोर शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत बसायची आणि कुणी शिष्य ऱ्हस्वाचा दीर्घ करू लागला की ताटावर बोट मारायची. गुरुजी म्हणायचे, "बाळा, चुकलास. आतून निकाल आला." निकाल देणाऱ्या मुलीला मात्र त्यांनी एक ऋचा शिकवली नाही. त्याचा राग शरदिनीला साठी उलटली तरी आहे, आणि का नसावा? तिनं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली, निवृत्त झाली आणि या इंजिनांच्या नादी लागली. गेल्या सहा वर्षांत एकही इंजिन तिच्याकडून तसंच परत गेलेलं नाही.

गेल्या माघात रामनगरहून अंतरा आली. बँकेत नोकरी, तिशीची मुलगी, मांडीवर खोकं घेऊन बसली. तिचे आजोबा प्रल्हादराव वाणी मूळचे भुसावळचे, तीस-पस्तीस वर्षं रेल्वेत वाफेच्या इंजिनांवर काढलेले. आता डोळ्यांना काही दिसत नव्हतं. नव्वदीनिमित्त नातीनं त्यांच्या इंजिनाचं मॉडेल बनवून घेतलं आणि कौतुकानं चालू करून ऐकवलं. आजोबा म्हणाले, "बंद कर तो कुकर."

"त्यांनी ते ओळखावं, मावशी," अंतरा म्हणाली. "एवढंच. सात तारखेला वाढदिवस आहे."

"ओळखतील," शरदिनी बोलून गेली. शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आजवर तिची कामं हौशी लोकांनी तपासली होती, आणि हा माणूस खरं इंजिन चालवलेला होता. इथे नापास झालो तर सहा वर्षांच्या शाबासक्या चुलीत घालायच्या.

ती कामाला लागली. दोन सिलिंडरांचं इंजिन, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला भकभकीचे चार ठोके, हा हिशोब पक्का. इथे सावकाश चालताना सहा पडत होते आणि वेगात तीन. तिनं पानवाल्याकडून चिमूटभर चुना आणला, चाकावर ठिपका लावला आणि ठिपका वर आला की मोजायला लागली. आकडा बदल, मोज, लिही. तिसऱ्या दिवशी चार म्हणजे चारच पडू लागले, मुंगीच्या पावलानं चालवा की दौडत न्या. पण डिकोडरबरोबर आलेल्या आवाजात तिसरा ठोका जरा जड होता. तिच्या कानाला तो खड्यासारखा टोचला. "रेकॉर्डिंगवाल्यांचा ढिसाळपणा," असं पुटपुटत तिनं तो लॅपटॉपवर घासूनपुसून बाकीच्या तिघांबरोबर आणला. आता चारी ठोके एका मापाचे झाले. ती अर्धा तास नुसती ऐकत बसली.

सात तारखेला ती नदीवरच्या पुलावरून रामनगरला गेली. बाहेरच्या खोलीत मोठ्या टेबलावर रूळ मांडले होते. प्रल्हादराव खुर्चीत ताठ बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. इंजिनानं पाच फेरे मारले.

"चाकाला चार. बरोबर," ते म्हणाले. "काम कुणाचं?"

"माझं, काका."

"हात चांगला आहे. पण हे माझं इंजिन नाही, बाई. हे कवायतीला निघालंय."

शरदिनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "काका, चारी ठोके तंतोतंत सारखे आहेत. तुम्ही पुन्हा ऐका."

"तेच म्हणतोय. माझं किंचित लंगडायचं. त्याच्या वॉल्व्हची जुळणी एकोणीस वर्षांत एकाही फिटरला पुरती साधली नाही. तिसरा ठोका जड पडायचा. आमची मंडळी रुळालगतच्या घरात पोळ्या लाटता लाटता सांगायची, आले म्हणून. शेकडो इंजिनं जायची तिथून, पण तिची कधी चूक झाली नाही."

शरदिनीला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ज्याच्यावरून बायकोनं नवरा ओळखावा, तेच तिनं मोठ्या हौसेनं पुसून टाकलं होतं. वेदपाठ्याच्या घरात खोट दिसली की ती काढायची, एवढंच ठाऊक. खोट जपायची असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती अंतराकडे बघू शकेना. पण रडत बसणाऱ्यातली बाई नव्हती ती. तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला.

"काका, तुम्ही बोटांनी वाजवून दाखवा."

प्रल्हादरावांनी टेबलाच्या कडेवर बोटं आपटायला सुरुवात केली. शरदिनीनं डोळे मिटले. मग तिसरा ठोका उचलला, इंजिन सोडलं.

"जास्त झालं. हा तर पाय मोडलेला."

तिनं उतरवला. मुद्दाम चूक करायची म्हणजे सुगरणीनं जाणूनबुजून भाजी खारट करायची, आणि तीही नेमकी कुणाला आवडते तेवढीच.

"आलं जवळ," ते म्हणाले. "पण अजून काहीतरी राहतंय. काय ते मला सांगता येत नाही."

"वाजवा पुन्हा," शरदिनी म्हणाली.

पुन्हा बोटं आपटली, आणि या खेपेला तिला सापडलं. तिसरा जड पडल्यामुळे चौथा केसभर उशिरा येत होता. म्हातारबुवांनी ते सांगितलं नव्हतं, पण त्यांची बोटं दर वेळी तेवढी थांबत होती. तिनं चौथ्याच्या आधी तेवढी जागा ठेवली आणि इंजिन सोडलं.

पहिल्या फेऱ्यातच प्रल्हादराव डावीकडे कलले, खिडकीतून मान बाहेर काढावी तसे. अंतरानं त्यांना सावरायला हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. फेऱ्यामागून फेरे झाले.

"चौथा मागे राहतो हे कुणी सांगितलं तुम्हाला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुमच्या बोटांनी."

"एकोणीस वर्षं चालवलं. माझ्या नव्हतं लक्षात आलं." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि आवाज एकदम ड्यूटीवरचा केला. "अंतरा, कागद घे. गाडी आणली की ड्रायव्हरनं शेडच्या वहीत इंजिनाची तक्रार लिहायची असते. लिही. ड्रायव्हर, प्रल्हाद वाणी. शेड, दुर्गाघाट. फिटर..." ते शरदिनीकडे वळले. "पूर्ण नाव सांगा, बाई."

"शरदिनी दातार."

"फिटर, शरदिनी दातार. तक्रार, काही नाही."

अंतरानं लिहून वाचून दाखवलं. शरदिनीनं चष्मा पुसला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "पुन्हा वाच बरं, फिटरपासून."