दहा वेळा एकच चित्र

घोरावाडी स्टेशनाजवळच्या फ्लॅटमध्ये चंद्रिका एकटीच राहते. वय सेहेचाळीस. तळेगावच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचं, घरी आलं की पीएच.डी.चं काम. कॉम्प्युटरमध्ये चौकटीवर हजारो इवले चुंबक मांडायचे, प्रत्येकाचं तोंड वर नाहीतर खाली. मधले काही काढून टाकायचे आणि तापमान वाढवत न्यायचं. थंड असताना बहुतेक सगळे एकाच दिशेला तोंड करून असतात. एका ठरावीक तापमानाला ती एकी मोडते. ते तापमान किती, एवढंच तिला शोधायचं होतं. सात वर्षं झाली.

"काय गं, तुझे चुंबक अजून ऐकत नाहीत का?" स्टाफरूममध्ये आसावरी चिडवायची.

"आपल्या पोरांसारखेच आहेत ते," म्हणून चंद्रिका डबा उघडायची. त्यापुढे कुणी काही विचारायचं नाही.

सोमवारी प्रबंध द्यायचा होता. मुदतवाढ शेवटची. शनिवारी दुपारी तिनं एकाच तापमानाच्या दहा प्रयोगांची चित्रं छापली, दर चुंबकाला एक ठिपका. त्यातली दोन सहज एकावर एक ठेवून खिडकीशी धरली, तर ठिपक्यावर ठिपका. मग तिसरं, चौथं. सगळी तशीच.

तिनं कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम उघडून पाहिला. कुठला चुंबक काढायचा, कुठला फिरवायचा, हे कॉम्प्युटर जणू फासे टाकून ठरवतो. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो. आकडा तोच दिला, तर फासेही तेच पडतात. आणि ती दर वेळी देवाचं नाव घेऊन एकशे आठच घालत आली होती. प्रयोग एकच झाला होता, दहा वेळा. उत्तरं जुळतात म्हणून तिनं नारळही फोडला होता.

तिनं गाईड माधवराव सरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"कोण बघतंय मॅडम? द्या जमा करून."

"मी बघितलंय ना, सर."

"नोंदणी रद्द होईल. पुन्हा पहिल्यापासून सगळं. वयाचा विचार करा जरा."

"हो सर."

सोमवारी ती विद्यापीठात गेली ती प्रबंधाऐवजी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज घेऊन. खिडकीतल्या कारकुनानं तो वाचला.

"निकाल चुकीचे आहेत, असं कारण कुणी लिहीत नाही हो. घरगुती अडचण लिहा."

"तशी काही अडचण नाही."

त्यानं खांदे उडवले, शिक्का मारला. नव्या नोंदणीचा फॉर्म पलीकडच्या खिडकीवर मिळत होता. रांगेत तिच्यापुढे सगळी पंचविशीतली मुलं होती.