न भाजलेली दाढ

मांडवीला लेकीकडे दोन दिवस राहायला गेले होते. सकाळचा चहा हातात होता आणि गावाहून शेजारच्या सदूभावोजींचा फोन आला, "वैनी, लगेच निघा." माझी थोरली जाऊ, शेवंतीवहिनी, गाईची धार काढता काढता बसल्या जागी गेली होती... दीड महिना झाला. अजून "वहिनी होती" असं लिहिताना हात अडतो.

आमचे दोघींचे नवरे मुंबईला, त्यामुळे शेत आमच्या गळ्यात. मी बालवाडीची बाई आणि वहिनी चौथी शिकलेली, पण तिचं ऐकायची मीच. एकदा ती शेतकऱ्यांच्या बैठकीला गेली आणि डोक्यात भुंगा घेऊन परतली. आमच्याकडे भाताची रोपं ज्या तुकड्यावर करतात ती दाढ. पेरणीआधी तिच्यावर शेणी, पालापाचोळा, गवत पसरून ती भाजायची, हे पिढ्यान् पिढ्यांचं. वहिनी म्हणाली, हा धूर आणि उकिरड्यात कुजणाऱ्या शेणाचा वायू, दोन्हींनी हवा तापते. शिवाय जमिनीच्या आणि गुरांच्या तोंडचा घास आपण जाळतो. यापुढे पेंढा आणि कोंडा गुरांना, शेण गोबर गॅसला, त्यातून निघालेली मळी दाढीला. मी म्हटलं, जगाची हवा थंड करायला आपल्याच वाडीची नेमणूक झालीय काय? ती हसली आणि कामाला लागली.

गॅसची टाकी व्हायची होती, पण तिला दम कुठला! पहिल्या वर्षी दाढ भाजली नाही आणि वर उकिरड्यातलं कच्चं शेण टाकलं. भातापेक्षा तणच तरारलं. भाजण्यानं तणाचं बी मरतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, उत्साहात विसरलो. सदूभावोजींकडे तरवा, म्हणजे रोपं, मागायला जावं लागलं. त्यांनी दिला, पण वर्षभर पुरेल एवढी थट्टाही दिली. वहिनीनं ती मान खाली घालून ऐकलेली मी पाहिली आहे.

दुसऱ्या वर्षी टाकी झाली, तरी माझा धीर सुटला. पुन्हा फसलं तर लावणीला काय लावायचं? वहिनी दोन दिवस माहेरी गेली होती, तेवढ्यात मी कातळाकडेचा एक तुकडा गुपचूप भाजून घेतला. ती परतली आणि तिला काळी जमीन दिसली.

"भरवसा नव्हता तर तोंडावर सांगायचंस गो," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "आता भाजलंस तर पेर. जागा फुकट नको जाऊ दे."

टाकीत कुजून शेणातलं तणाचं बी मेलं होतं. त्या वर्षी मळीवरचा तरवा असा आला की आमची सगळी खाचरं भरली. माझ्या भाजलेल्या तुकड्यावरचा तरवा तसाच उरला. मला तिकडे बघायचीही लाज वाटे. अशात मोकाट गुरांनी सदूभावोजींची दाढ तुडवली आणि ते आमच्या दारात आले. वहिनी त्यांना थेट माझ्या तुकड्यावर घेऊन गेली.

"हा माझ्या जावेनं जास्तीचा काढून ठेवलाय. कुणाची तरी नड भागेल म्हणाली."

मी असं काही म्हटलं नव्हतं. माझं ते गुपचूप भाजणं वहिनीनं पुढे कधी नवऱ्याकडेसुद्धा काढलं नाही. मीही तिची माफी मागितली नाही... मागू मागू म्हणत राहिले.

परवापासून वाडीत दाढी भाजायला सुरुवात झाली आहे. रोज सकाळी मी वहिनीसारखीच कोपरापर्यंत हात घालून टाकीसाठी शेण कालवते, त्यातल्या काड्या वेचते. काल सदूभावोजी कुंपणाशी येऊन उभे राहिले. "वैनी, यंदा तुम्ही एकट्या. तुमची दाढ पण भाजून देऊ काय?"

मी हात धुतले नाहीत, तशीच उभी राहिले.

"नको, भावोजी," मी म्हटलं. "आमच्यात भाजत नाहीत."