गेनूमामांचा एक तास

गेनूमामा दुधाचा कॅन उघडत, पण दुधाकडे बघतच नसत. झाकण काढायचं, उलटं करून नाकाजवळ न्यायचं, डोळे मिटायचे आणि देवापुढे उभं राहिल्यासारखं क्षणभर गप्प व्हायचं. मग “घे” म्हणाले तर दूध चांगलं, “ठेव बाजूला” म्हणाले तर तपासायचं. मधेच एखाद्या जीपवाल्याला म्हणत, “तुमच्यातल्या कुणाच्या तरी गाईनं काल कांद्याची पात खाल्लीय,” आणि तो जीपवाला ओशाळून मान हलवत असे. आम्ही पाच जण त्यांच्यामागे उभे राहून तीच झाकणं हुंगायचो. मला सगळ्या झाकणांना दुधाचा वास यायचा.

ही हकिगत मी घरात इतक्यांदा सांगितली आहे, की आता मी नुसतं “दूध” म्हणालो तरी बायको उठून आत जाते. म्हणून या वेळी लिहून काढतो आहे. कागद उठून जात नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, केमिस्ट्री घेऊन. त्या वर्षी वरून फर्मान आलं, की मुलांनी पाच-पाचच्या गटानं पंधरा दिवस खऱ्या कामाच्या ठिकाणी जाऊन शिकायचं, तिथल्या माणसाचा शेरा आणायचा आणि मग अहवाल लिहायचा. आता माझी मुलगी याला इंटर्नशिप म्हणते आणि त्यासाठी नवे कपडे शिवते. आम्हाला सरांनी एवढंच सांगितलं, “अंथरूण बरोबर न्या.” हुशार मुलांचे गट नव्यानं उभ्या राहिलेल्या कंपन्यांत गेले. आमच्या गटाला दौंड तालुक्यातलं एक दूध शीतकरण केंद्र मिळालं. यावरून आमचे मार्क वाचकांनी ओळखावेत.

गावोगावच्या सोसायट्यांचं दूध जीपनं या केंद्राच्या डॉकवर, म्हणजे कॅन उतरवायच्या कट्ट्यावर, यायचं. इथं ते तपासायचं, थंड करायचं आणि टँकरनं पुण्याला पाठवायचं. तपासायचं काम गेनूमामांचं. शिक्षण सातवी. घरी पूर्वी मेंढरं होती. “नाक मेंढरांमागं तयार झालं,” असं ते सांगत. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या.

“हे बघा, सायन्सवाले. यंत्र खोटं बोलत न्हाई. पर त्याला इचारायची येळ असती. आन् दुसरं, दुधाला नाव ठिवायचं तर कानात ठिवायचं. हितं डॉकवर मोठ्यानं बोलायचं न्हाई.”

आम्ही वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलेली गोष्ट लक्षात ठेवावी लागत नाही, असा माझा त्या वयात समज होता.

केंद्रावर एक नियम होता. ज्या सोसायटीच्या दुधात पाणी सापडेल, तिचं दूध आठ दिवस बंद. जुन्या, मोठ्या सोसायटीला आठ दिवस काढता येत. पण राहूच्या रस्त्याला एक वस्ती आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं मला अजून ओळखतात. त्या वस्तीवर वीसेक बायकांनी आपली वेगळी सोसायटी काढून जेमतेम तीन महिने झाले होते. तिथली जुनी सोसायटी भगवानआप्पांची. बायका फुटल्या, याचा आप्पांना मोठा राग होता. बायकांच्या सेक्रेटरी कांताबाई, तिशीच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. रोज स्वतः जीपमध्ये पुढं बसून कॅनबरोबर यायच्या. आठ दिवस दूध बंद झालं असतं, तर त्यांच्या बायकांना झक मारत आप्पांकडे दूध घालावं लागलं असतं, आणि एकदा गेलेलं दूध परत आलं नसतं. हे केंद्रावरच्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

कांताबाईंची वस्ती सगळ्यांत जवळ. त्यांचे कॅन सगळ्यांच्या आधी यायचे, पण मामा ते तासभर तसेच ठेवायचे आणि सगळ्यांत शेवटी तपासायचे. हा मला आळशीपणा वाटायचा. खरं सांगायचं तर थोडा पक्षपातही वाटायचा.

नवव्या दिवशी मामा फॅट तपासायचं ॲसिड आणायला पुण्याला गेले. जाताना म्हणाले, “आलेलं दूध नुसतं उतरवून घ्या. मी धा वाजेस्तोवर येतो.” पण माझ्या खिशाला थर्मामीटर होता. लोक पेन लावतात तसा मी तो लावून हिंडत असे. अशा माणसाला दहा वाजेपर्यंत थांबवत नाही. कांताबाईंचा पहिला कॅन उतरल्याबरोबर मी त्यातलं दूध काचेच्या नळीत घेतलं आणि दुधाचा दाटपणा मापणारा लॅक्टोमीटर सोडला. गाईच्या दुधाला त्याच्यावर अठ्ठावीस डिग्री लागायला हवी; पाणी घातलं की ती घटते. लागली पंचवीस.

“पाणी आहे!” मी ओरडलो.

आनंदानं ओरडलो, हे सांगायला आजही लाज वाटते. शास्त्राचा पहिला शोध लागल्यासारखं मला झालं होतं. तोवर डॉकवर मागून आलेल्या धरून चार जीप उभ्या होत्या. त्यांतल्या एका ड्रायव्हरनं कॅन खाली ठेवला.

“कुणाच्यात रं? कांताबाईंच्यात?”

कांताबाई जीपमधून उतरत होत्या. “काय म्हनला?” त्यांनी मला विचारलं. मी नळी पुढं केली. त्यांनी नळीकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. “पुन्ना बगा,” त्या म्हणाल्या. मी पुन्हा पाहिलं. पंचवीसच. आमच्या गटातल्या संज्यानं कॅनवर खडूनं फुली मारली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘पाणी’. कांताबाई रिकामे कॅन जीपमध्ये भरू लागल्या. त्यांच्या आधी ही बातमी घेऊन निघालेली जीप मात्र आप्पांची होती.

दहाला मामा आले. कोण काय सांगतंय ते ऐकता ऐकता त्यांनी फुलीच्या कॅनवर तळहात ठेवला.

“दूध घेतलं तवा कोमट हुतं?”

“हो.”

“वर फेस?”

“होता.”

“तुजा थर्मामीटर कुठाय?”

“खिशात.”

“का, खिशाला ताप आलाय?”

मामांनी नळी धुतली, त्याच कॅनमधलं दूध घेतलं, लॅक्टोमीटर सोडला. अठ्ठावीस. मग त्यांनी जे सांगितलं, ते आमच्या पुस्तकात होतं, मी परीक्षेत लिहिलंही होतं. नुकतंच काढलेलं दूध गरम असतं, त्यात हवा असते, म्हणून ते हलकं दाखवतं. ते निवू द्यायचं, फेस बसू द्यायचा, मग मापायचं. कांताबाईंचं दूध धारेचं होतं. ते सगळ्यांत ताजं होतं, एवढाच त्याचा गुन्हा होता.

मॅनेजर साहेबांना हे पटलं, पण उपयोग झाला नाही. “रजिस्टरमध्ये लिहिलं गेलंय,” ते म्हणाले. “आज खोडलं तर उद्या प्रत्येक सोसायटी खोडायला येईल. उद्यापासून आठ दिवस जाऊ देत.”

“आठ दिवसांनी तिथं सोसायटी नसंल, साह्यब.”

“तो आपला विषय नाही.”

“मी संध्याकाळी वस्तीवर जातो. ह्या पोराला घिऊन.”

“केंद्राचा माणूस गावात जाऊन चूक कबूल करणार? गेलात तर मला वर कळवावं लागेल, गेनबा.”

मामांनी टोपी डोक्यावर नीट केली. “कळवा,” म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजले होते. कांताबाईंच्या सोसायटीची एक खोली, पुढं ओटा. ओट्यावर भगवानआप्पा आणि दहा-बारा माणसं आरामात बसली होती. खोलीच्या दारात कांताबाई उभ्या. विसांतल्या आठ-नऊ बायका किटल्या घेऊन आल्या होत्या. बाकीच्या आल्या नव्हत्या, आणि आलेल्यांतल्या एक-दोघी आप्पांच्या सोसायटीच्या वाटेकडे बघत होत्या.

“आलं बगा,” आप्पा म्हणाले. “शिकल्या पोरांनी मापलं, मापात घावलं. आता मामा आल्यात सारवासारव कराया.”

“व्हय आप्पा,” मामा म्हणाले. “तुमच्या गाईची धार काढायची ऱ्हायलीय न्हवं? ती हितं आणा.”

“माजी कशाला?”

“कांताबाईंची पिळली तर तुमी म्हणशीला, हातचलाखी केली. तुमीच पिळा. तुमच्याच हातानं.”

एवढ्या लोकांत नाही म्हणता येईना. गाय आली. आप्पांनी मांडी घालून स्वतः धार काढली. मामांनी चरवीला हातही लावला नाही. आप्पांनीच दूध नळीत ओतलं, लॅक्टोमीटरही त्यांनीच सोडला.

“वाच,” मामा मला म्हणाले.

“पंचवीस,” मी पुटपुटलो.

“सकाळी चांगला आवाज हुता की तुजा.”

“पंचवीस!”

मामा आप्पांकडे वळले. “आप्पा, पाणी कवा घातलं?”

बायकांमध्ये कुणीतरी पदर तोंडाला लावला. आप्पांचा चेहरा लाल झाला. “काच खोटी हाय तुमची!”

“आसंल. तासभर थांबू. काच हीच, दूध हेच. कुणी जवळ जायाचं न्हाई.”

तो तास मी विसरलो नाही. नळी ओट्याच्या कडेवर उभी होती आणि तोवर जमलेली तीस-चाळीस माणसं तिच्याकडे बघत बसली होती. कुत्रं आलं, तर दोघांनी एकदम हाकललं. पाव तास गेला, आणि माझ्या मनात एक भलतीच शंका आली. गाय कांताबाईंची नव्हे, आप्पांची. तिचं दूध मुळातच पातळ असलं तर? मी मामांच्या कानाशी लागलो.

“मामा, नाही चढली डिग्री तर?”

“तर कांताबाईची सोसायटी आत्ताच बुडाली. आठ दिवस बी लागायचं न्हाईत.”

“मग तुम्ही आप्पांची गाय कशाला—”

“दुसऱ्या कुणाची मान्य क्येली असती का त्येनी? गप बस.”

त्यांच्या हातात बिडी होती. तासभर त्यांनी ती पेटवली नाही. नुसती बोटांत फिरवत राहिले, तिच्यातली तंबाखू गळून धोतरावर पडली.

साडेसहा वाजले. फेस बसला होता. मामा म्हणाले, “आप्पा, तुमीच वाचा.”

आप्पा वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग काहीतरी बोलले, ते शेजारच्यालाही ऐकू आलं नाही.

“ऐकाया आलं न्हाई, आप्पा,” दारातून कांताबाई म्हणाल्या. सकाळच्या ‘पुन्ना बगा’नंतर त्यांचं मी ऐकलेलं हे पहिलंच वाक्य.

“अठ्ठावीस,” आप्पा म्हणाले.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की दुधात पाणी नव्हतं, मला थांबायचं कळलं नाही, चूक माझी. कांताबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी पहिली किटली उचलली आणि म्हणाल्या, “सरका. गाडी यायची येळ झाली.” वाटेकडे बघणाऱ्या त्या दोघी पुढं आल्या. थोड्या वेळानं, न आलेल्यांतल्याही काही जणी किटल्या घेऊन येताना दिसल्या. दुसऱ्या दिवशी आप्पांनीच केंद्रावर येऊन रजिस्टर खोडायला लावलं. पंचवीसला पाणी म्हणायचं, तर आता त्यांच्या गाईचाही प्रश्न होता.

मॅनेजर साहेबांनीही शब्द पाळला. आमचे पंधरा दिवस संपायच्या आधीच मामांची जुन्नरकडच्या एका केंद्रावर बदली झाली. जाताना त्यांनी आमच्या गटाचा शेरा लिहिला. कॉलेजात सरांनी तो मोठ्यानं वाचला: “मुले कामाची होतील. वेळ लागेल.” हुशार मुलांच्या गटांना ‘उत्कृष्ट’ मिळालं होतं. आमच्या घरात मात्र हेच वाक्य अजून चालतं. विशेषतः मी गॅस सिलिंडर बदलत असलो, की बायको आतून म्हणते.

मी मामांना पुढं दोन-तीनदा भेटलो. बदलीबद्दल माफी मागायला गेलो की ते विषय काढू देत नसत. “तिकडं थंडी चांगली हाय, दूध नासत न्हाई,” एवढंच म्हणत. बारा-तेरा वर्षांनी मामा गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला. तळेगाव ढमढेऱ्याजवळ नदीकाठी दशक्रिया होती. तिथं पलीकडे बायकांमध्ये कांताबाई बसल्या होत्या. केस पिकले होते, पण मी ओळखलं. त्यांनी मला आधीच ओळखलं होतं.

“तुमीच न्हवं का, पानी हाय म्हणून वरडल्याले?”

शेजारच्या चार बायका वळून माझ्याकडे बघू लागल्या. मी हो म्हणालो. सोसायटी कशी चाललीय, असं विचारलं. चाललीय, म्हणाल्या, आता सून बघते.

“त्या दिशी नवऱ्यानं मला इचारलं, घातलंस का पानी,” त्या म्हणाल्या. “सासूनं इचारलं. माज्या सख्ख्या भावानं दौंडावनं येऊन इचारलं. मामांनी न्हाई इचारलं. ना त्या दिशी, ना कवा नंतर.”

इतकी वर्षं मी समजत होतो, मामा त्या संध्याकाळी वस्तीवर दुधाचं नाव साफ करायला गेले होते.