पाच शेंगांची लाइन

"यंदा आपली ऑफेन्सिव्ह लाइन कशी वाटते?" कॉलेजच्या मैदानाच्या जाळीपाशी, घडीच्या खुर्चीत बसलेल्या गोऱ्या आजोबांनी मला विचारलं. साल २००४, नागपूरहून अमेरिकेत येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. 'लाइन' म्हटलं की आम्हाला 'मारणं'च आठवणार! मला वाटलं, कुणीतरी एखादीला लाइन मारताना वाह्यात बोललंय. "मी काही ऐकलं नाही," मी घाईघाईनं म्हणाले.

घोटाळा लक्षात आल्यावर आजोबा इतके हसले, की मांडीवरच्या भाजलेल्या शेंगा सांडल्या. मग त्यांनी पाच शेंगा गुडघ्यावर ओळीनं मांडल्या आणि मैदानात अमेरिकन फुटबॉलचा सराव करणारी पाच धिप्पाड पोरं दाखवली. बॉल फेकणाऱ्याला आडोसा देणारी भिंत, तीच ही लाइन.

लॅबला जाताना मी रोज थांबायला लागले. शिट्टी वाजली की आजोबा डोळ्यांपुढे पंजा धरून बॉलवाल्याला झाकायचे आणि फक्त त्या पाचांचे पाय बघायचे. एखादा मागे रेटला गेला, की त्याची शेंग फोडून खायचे.

सीझन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पाचही शेंगा शाबूत राहिल्या. आजोबा खूश!

"नावं काय हो त्यांची?" मी विचारलं.

"कशाला? मॅचमध्ये पंच माइकवरून त्यांचा पुकारा करतात, तो चुकल्यावरच."

आजोबांचं नावही मी कधी विचारलं नाही. उगाच त्यांना वाटायचं, आपलं काय चुकलं!