बाईंच्या वर्गाचा केर

हरसूलच्या शाळेत कुसाबाई झाडलोट करायची. तिच्यासारखं लख्ख झाडणारं गावात दुसरं कुणी नव्हतं, हे तिच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. पण त्याच केरसुणीपायी तिचा सासरा कोंडाजी तिला उठता-बसता बोलायचा, आणि ती खाली मान घालून ऐकून घ्यायची.

कारण जुनं होतं. तिचा नवरा गेणू नाशकात द्वारका चौकातून सुटणाऱ्या एका मालट्रकवर क्लीनर होता. एकदा पहाटे तो घरातून निघाला, आणि त्याची पाठ वळते न वळते तोच कुसाबाईनं ओसरी झाडून घेतली. माणूस गावाला गेलं की ते पोचेस्तोवर घरातला केर काढायचा नाही, काढला तर माणूस केराबरोबर कायमचं बाहेर पडतं, हे काय तिला ठाऊक नव्हतं? होतं की. पण मालन तेव्हा रांगत होती, कोंबड्यांनी ओसरीभर घाण केलेली. काढला तिनं केर. त्याच दिवशी कसाऱ्याच्या घाटात ट्रक दरीत गेला आणि गेणू परत आला तो झाकलेलाच.

"तूच झाडून काढलास माझ्या लेकाला," कोंडाजी म्हणाला होता. म्हातारा तसा वाईट नव्हता हो. सुनेला घराबाहेर काढलं नाही, नातीला खांद्यावर बसवून बाजार दाखवला. पण एवढं मोठं दुःख कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय त्याला जेवण जाईना, आणि सून समोरच होती. खरं सांगायचं तर कुसाबाईलाही आतून वाटायचं की म्हातारा म्हणतो ते खरं असणार. शाळेतली ती नोकरी तिनं पोटासाठी धरली, पण रोज सकाळी केरसुणी हातात घेताना तिचा हात क्षणभर थांबायचाच.

मालन मोठी झाली ती निराळीच निपजली. कुणी काही सांगितलं की स्वतः बघितल्याशिवाय तिचं समाधान व्हायचं नाही. बिब्ब्याच्या झाडाखाली उभं राहिलं तरी अंगावर उठतं, असं पोरी म्हणाल्या, तर ही बया एक अख्खी दुपार त्या झाडाखाली बसून आली. काही उठलं नाही, फक्त आजोबाच्या शिव्या खाल्ल्या.

या पोरीवर रुथबाईंचा जीव जडला. रुथबाई म्हणजे विलायतेहून आलेल्या इंग्रजीच्या बाई. कुठल्याशा संस्थेनं त्यांना पाठवलं होतं. पगार घेत नव्हत्या, नुसतं शिकवायला आल्या होत्या. आधी गावाला वाटलं, हिचं घरी पटत नसणार. मग गावानं बघितलं की बाई नागलीची भाकरी खाते, उन्हात चालते, नळावर नंबर लावून पाणी भरते. हळूहळू त्या गावच्या झाल्या. मालन त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि घरी येऊन शेळीशी इंग्रजीत बोलायची.

मालन सातवीत गेली तेव्हा कोंडाजीनं पेठ गावाकडचं एक स्थळ धरलं. लग्नाच्या वयाचा कायदा बदलला होता म्हणे, पण कायदा तालुक्याच्या कचेरीत आणि लग्न गावात. कुसाबाई काय बोलणार? आपल्या तोंडाला घरात किंमत नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं गुपचूप रुथबाईंच्या कानावर घातलं. बाई त्याच संध्याकाळी घरी आल्या, घोंगडीवर मांडी घालून बसल्या आणि आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "कोंडाजीबाबा, मालनला शिकू द्या. ही माझी विनंती आहे."

दारात आलेल्या पाहुणीला नाही म्हणणं कोंडाजीच्या रक्तात नव्हतं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही शाळेतनं जात नाय तवर पोरीच्या लग्नाचं नाव काढणार नाय. शब्द देतो."

बाईंचा चेहरा फुलला. त्यांना शब्द ऐकू आला, त्याची मुदत ऐकू आली नाही. ती फक्त कुसाबाईला ऐकू आली, की बाई शाळेत आहेत तोवरच.

एप्रिल उजाडला. परीक्षा झाल्या, आणि बाईंचा शाळेतला शेवटचा दिवस आला. हेडमास्तरांनी मांडव घातला, नारळ, शाल, हार, भाषणं. एकेका पुढाऱ्याला बोलायची हौस भारी, माइक सुटता सुटेना. कुसाबाई चहाची किटली घेऊन त्या गर्दीत फिरत होती आणि तिचं सगळं लक्ष बाईंकडे होतं. एकदा एकटी गाठायची आणि सांगायचं, म्हाताऱ्याकडून नवा शब्द घेऊन जा. पण बाईंभोवती पोरींचा गराडा. सगळ्या रडतायत, त्याही रडतायत. मालनचं तर नाक लाल झालेलं.

शेवटी फोटो काढायच्या वेळी कुसाबाईनं त्यांना दाराआड गाठलं. "बाई, तुम्ही गेल्यावर माझ्या पोरीचं काय? म्हाताऱ्याला सांगा काहीतरी."

बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "कुसाताई, काळजी नको. बाबांनी मला शब्द दिला आहे. ते शब्दाचे पक्के आहेत."

"तसं नव्हं बाई, त्यो शब्द," कुसाबाईनं सुरुवात केली, तोवर फोटोवाल्यानं हाक मारली आणि बाई गेल्या. नंतर एसटीच आली. कुणीतरी बाईंच्या हातावर दही घातलं. कोंडाजी फेटा बांधून मुद्दाम आला होता, त्यानं हात जोडले. गाडी वळणाआड जाईपर्यंत पोरी धुळीत धावल्या. धूळ खाली बसायच्या आत कोंडाजी सुनेला म्हणाला, "झालं. गेल्या बाई. पेठेला निरोप धाडतो आता."

कुसाबाईनं चहाची किटली उचलली. ती शाळेत परत आली. बाईंच्या वर्गात फुलांच्या पाकळ्या, खडूची पूड, कागदाचे कपटे, बाई बसायच्या त्या खुर्चीखाली हाराचा दोरा. हेडमास्तर दारात उभे होते, मागं कोंडाजी होता, घरी जाता जाता सावलीला टेकलेला. "कुसाबाई, एवढा वर्ग झाडा आणि कुलूप लावा. सुट्टी लागली," हेडमास्तर म्हणाले.

तिनं केरसुणी उचलली, आणि तिचा हात रोजच्यासारखा थांबला. या वेळी तो थांबलेलाच राहिला.

"नाय झाडायची," ती म्हणाली. "बाई वाटंत हायेत. पोचल्याचं कळंस्तवर या वर्गाचा केर निघायचा नाय."

"अहो, शाळा आहे ही, घर नाही," हेडमास्तर म्हणाले.

"माणूस गेलं ते हितनंच ना?" आणि मग ती सासऱ्याकडे वळली. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी अशी मान वर करून बोलली नव्हती. "केर निघंस्तवर माणूस गेलेलं नसतं, हे तुम्हीच म्हणता ना मामा? मग बाई अजून शाळेतच हायेत. तुमचा शब्द बी हाय."

कोंडाजी तिच्याकडे बघत राहिला. सून पाटीवर पेन्सिल ठेवावी तशी त्याचीच गोष्ट त्याच्यापुढं ठेवत होती. नाही म्हणावं, तर इतकी वर्षं सुनेला दिलेला दोष खोटा पडतो. हो म्हणावं, तर हातचं स्थळ लांबतं. म्हाताऱ्यानं फेटा काढला, झटकला, परत डोक्यावर ठेवला. "बरं," तो म्हणाला. "केर निघंल तवा बोलू."

कुसाबाईनं कुलूप लावलं. त्या रात्री ती कितीतरी वर्षांनी गाढ झोपली. तिचा हिशेब सरळ होता. बाई पंधरा-वीस दिवस देश बघत बघत विलायतेला पोचणार होत्या, आणि तिथलं टपाल यायलाही वेळ लागतो. तेवढ्यात वैशाख सरेल, ज्येष्ठ निघेल, पाऊस पडला की लग्नसराई संपली. जूनमध्ये शाळा उघडली की पोरगी आठवीत. पुढचं पुढं.

पेठेचे पाहुणे एकदा येऊन गेले. "आमची जरा अडचण हाय," एवढंच कोंडाजी त्यांना म्हणाला. गावात मात्र कुजबुज सुरू झाली. कुसा आळसावली, कुसा बिथरली, विलायतेच्या बाईसाठी शाळा घाण ठेवलीय. कुसाबाईनं सगळं ऐकलं आणि सोडून दिलं. फक्त एक चूक तिच्या हातून झाली. मालनला तिनं यातलं काहीही सांगितलं नाही. पोर घाबरेल, म्हणून नाही सांगितलं.

बाजाराच्या दिवशी ती मीठ-मिरची घेऊन परत येत होती, तेव्हा तिला शाळेचं दार उघडं दिसलं. ती तिकडे धावली. आत वर्ग आरशासारखा लख्ख होता. बाकं ओळीत, फळा पुसलेला, पाण्याचा सडा मारलेला. मालन केसांना फडकं बांधून उंबऱ्यात उभी होती, एका हातात केरसुणी, दुसऱ्यात घरच्या खुंटीवरची किल्ली. पलीकडे चहाच्या टपरीवर कोंडाजी बसला होता. त्यानं सगळं बघितलं होतं.

कुसाबाईनं पोरीच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग तिला पोटाशी धरून सगळं सांगितलं, शब्द, मुदत, पेठ, लग्न. मालन पांढरीफटक पडली. "मला ठावं नव्हतं गं आई," एवढंच ती म्हणत राहिली. का झाडलंस, हे विचारायचं कुसाबाईला सुचलंच नाही.

घरी हळद कांडायला घेतली आणि त्याच आठवड्यात बाईंचं चित्राचं कार्ड आलं. हेडमास्तरांनी शाळेच्या ओट्यावर वाचून दाखवलं. बाई सुखरूप पोचल्या, तिकडं थंडी आहे, सगळ्यांची आठवण येते. मालन धापा टाकत घरी आली. नवरी व्हायला निघालेली पोर, पण डोळे असे चमकत होते की कुसाबाईला काही कळेना.

"आई, पोचल्या बाई. मी सगळा केर काढला, त्या वाटंत असतानाच काढला, तरी पोचल्या. म्हंजी तुझ्यापायी नाय गेला बा. तेवढंच बघायचं व्हतं मला."

कुसाबाईनं हातातलं मुसळ बाजूला ठेवलं. ओसरीवर कोंडाजी सुतळी वळत होता. त्याचे हात थांबले. तिनं तिथूनच विचारलं, "मामा, ऐकलंत? मग केर निघाला म्हणून तुमचा शब्द कसा संपला? राहू द्या पोरीला."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं नाही. "केराचं खरं असंल तर केर निघालाय," तो सावकाश म्हणाला. "खोटं असंल तर बाई कवाच्याच गेल्यात. कसंबी धर, माझा शब्द संपला. मी पेठेला जबान दिलीय." थोड्या वेळानं तो पुन्हा सुतळी वळायला लागला. पण त्या दिवसापासून त्यानं गेणूचं नाव घेऊन सुनेला एक शब्दही लावला नाही.

लग्न झालं. मालनला बैलगाडीत बसवलं तेव्हा ती रडली नाही, आईकडं बघत राहिली. गाडी ओढ्यापार गेली. घरात अक्षता, पानं, पत्रावळी, चुरगळलेल्या मुंडावळ्या. कुसाबाईनं कोपऱ्यातली केरसुणी उचलली.

"कुसा," कोंडाजी दारातून म्हणाला. "आजच्या दिस राहू दे केर. पोर वाटंत हाय."

कुसाबाईचा हात रोजच्यासारखा थांबला. बिब्ब्याखाली अख्खी दुपार बसणारी पोर तिच्या डोळ्यांपुढं आली. तिनं एवढं दाखवून दिलं, आणि ते आईनंच खोटं पाडायचं?

"नाय मामा," ती म्हणाली, आणि डोळ्यांतलं पाणी न पुसता तिनं माजघरापासून अंगणापर्यंत सगळं घर झाडून घेतलं.