वाडीच्या गोदामात, आवाजाशिवाय

फॉर्ममध्ये उंची विचारली होती, वजन विचारलं होतं, गुडघ्याचं-कमरेचं जुनं दुखणं विचारलं होतं. आवाजाबद्दल एक अक्षर नव्हतं. म्हणूनच मी तो भरला.

दोन वर्षांपूर्वी माझ्या थायरॉईडच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण एक स्वरतंतू लुळा पडला. तेव्हापासून माझा आवाज म्हणजे खरखरीत कुजबुज. समोरच्या खुर्चीपर्यंत पोचतो, तिसऱ्या रांगेपर्यंत नाही. साताऱ्याच्या हौशी नाटकांत मी वीस वर्षं कामं केली होती. ती सुटली. नाटक बघायला जाणंही मी बंद केलं. मग लेकीने, मनवाने, मोबाईलवर एक जाहिरात पाठवली. नागपुरात आठ दिवसांचं शिबिर, शरीराच्या भाषेतलं प्रायोगिक नाटक, वयाची अट नाही. खाली तिने लिहिलं होतं, ‘आई, इथे बोलायचंच नाहीये.’

साताऱ्याहून नागपूरला थेट गाडी आहे. जवळजवळ अख्खा दिवस लागतो, तेव्हा खालचा बर्थ घ्या आणि डबा घरूनच न्या. मी जानेवारीत गेले. पहाटे उतरलात तर स्वेटर हाताशीच हवा. स्टेशनवरून आधी बर्डी (सीताबर्डीला इथे सगळे बर्डीच म्हणतात) आणि तिथून शहराच्या टोकाला, वाडीला जाणारी बस. बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, “वाडीत कोणाकडे जाऊन राहिल्या?”

“नाटक शिकायला.”

“वाडीत? तिथं तं निस्ते ट्रक रायतेत वं बाई!”

त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. अमरावती रोडच्या दोन्ही बाजूंना गोदामं, ट्रक, ताडपत्र्या, टायरची दुकानं. त्यातलंच एक रिकामं गोदाम म्हणजे आमचं शिबिर. राहायला मागच्या गल्लीत दोघींत एक खोली. राहणं-जेवण फीमध्येच होतं. सकाळी कोपऱ्यावर तर्री-पोहे मिळायचे, म्हणजे पोह्यांवर तिखटजाळ रस्सा. तर्री कमी घालायला सांगा, मी पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं.

माझ्या खोलीतली जोडीदारीण संगीता. वय चौतिशीचं, बुटीबोरीच्या सूतगिरणीत काम करते, वस्तीतल्या बायकांबरोबर पथनाट्यं करते, आणि साठवलेली रजा घेऊन आली होती. शिकवायला देवयानी नावाची माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलगी. केरळात कळरी ही युद्धकला शिकलेली, मांजरासारखी चालायची.

पहिले दोन दिवस आम्ही फक्त चाललो. पंधरा माणसांनी गोदामभर चालायचं, कुठेही जागा रिकामी राहू द्यायची नाही, आणि कुणीही इशारा न करता सगळ्यांनी एकदम थांबायचं. सोपं वाटतं ना? संध्याकाळी जिना चढताना पोटऱ्या ओरडत होत्या. तिसऱ्या दिवशी बांबूची काठी आली. दोघींनी तळहातांच्या मध्ये नुसत्या दाबाने ती धरायची आणि चालायचं, बसायचं, वळायचं. आमची काठी सारखी पडायची. पडली की त्या सिमेंटवर असा आवाज व्हायचा की सगळे बघायचे.

“ताई, तुमी काठीकडे पाहून राहिल्या,” संगीता म्हणाली. “माह्याकडे पाहा.”

चौथा दिवस वाईट गेला. प्रत्येकाने हवी असलेली एक गोष्ट शरीराने मागायची होती. मी मागितली. हात पसरले, छातीशी नेले, डोळ्यांत पाणी आणलं. देवयानी शांतपणे म्हणाली, “तुम्ही वाक्यच म्हणताय. फक्त आवाज बंद करून.” वीस वर्षांच्या अनुभवावर ते सपकन लागलं. त्यानंतर श्वासाबरोबर जो निघेल तो आवाज सोडायचा होता. माझा मध्येच फाटला. दोन पोरं हसली. मुद्दाम नव्हे, हसू फुटलं त्यांना. मी खोलीवर आले आणि बॅग काढली.

संगीता मागोमाग आली. “काहून वं ताई, बॅग भरून राहिल्या?”

“माझं काम नाही हे. आवाज असता तर...”

“आमच्या खात्यात मशीनचा आवाज एवढा असते, का बाजूच्या बाईले हाक मारली तरी ऐकू येत नाई. धागा तुटला तं मी हात नाई करत, तोंड नाई हलवत. निस्ती वळते. तिले समजते.” ती माझ्या खाटेवर बसली. “तुमी बोलाचं सोडलंच नाई अजून. तोंड बंद केलं फक्त.”

मी चिडले. पण बॅग अर्धीच भरून राहिली.

दुसऱ्या दिवशी देवयानीने आम्हाला इतवारीच्या बाजारात पाठवलं. तिथे काम करणारं एक माणूस निवडायचं, त्याला विचारून तासभर नुसतं बघायचं. भांड्यांच्या गल्लीत मला साठीचे एक हातगाडीवाले काका दिसले. “तुमचं काम बघू का?” मी अगदी जवळ जाऊन विचारलं.

“पाहा ना! त्यात काय पाहाचं हाय पण?”

पितळी पातेल्यांनी गाडी शिगोशीग भरली होती. काका दांड्याशी उभे राहिले. आधी काहीच झालं नाही. मग श्वास गेला, खांदे उतरले, सगळं वजन टाचांकडे सरकलं आणि त्यानंतर गाडी हलली. त्यांनी पाच फेऱ्या केल्या, पाचही वेळा तसंच. शेवटी त्यांनीच मला दांडा दिला. मी जोर लावला, गाडी ढिम्म.

“हातानं नोका ओढू बाई. पायानं ओढा.”

मी हात सैल सोडले. जमिनीत पाय रोवले आणि थांबले. गाडी हातभर पुढे आली! मागून एका टेम्पोवाल्याने हॉर्नचा कहर केला, पण मला इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता. नंतर संगीताने मला पाटोडी-रस्सा खाऊ घातला. इतवारीत गेलात तर रिकाम्या पोटी जा आणि गाडी घेऊन मुळीच जाऊ नका.

पुढचे दोन दिवस मी ती एकच गोष्ट घासली. एक बाई ओझं ओढते, एवढंच. चेहऱ्याने काही सांगायचं नाही, हे सर्वांत अवघड होतं. माझ्या भुवया सारख्या संवाद म्हणायच्या आणि संगीता समोर बसून त्यांच्याकडे बोट दाखवायची.

शेवटच्या संध्याकाळी गोदामाचं शटर पूर्ण वर केलं. आजूबाजूचे ड्रायव्हर, हमाल, गल्लीतल्या बायका येऊन बसल्या. माझी पाळी आली. मी उभी राहिले, श्वास सोडला, वजन टाचांकडे जाऊ दिलं. मधेच बाहेर एक ट्रक पीं-पीं करत मागे येऊ लागला. एरवी अशा वेळी संवाद थांबवावा लागतो. मला थांबायचं कारणच नव्हतं. चौथ्या पावलाला चढ लागला (चढ मीच ठरवलेला), पाय अडला, खरंच अडला. तेवढ्यात पहिल्या ओळीतला एक दणकट हमाल उठला, माझ्या मागे आला आणि वाकून ती नसलेली गाडी ढकलायला लागला.

आम्ही दोघांनी ती चढावर नेली. मग त्याच्या लक्षात आलं. लोक हसले, टाळ्या वाजल्या, तो लाजून गमछ्यात तोंड लपवू लागला. नंतर जवळ येऊन म्हणाला, “बाई, माल कोणता होता गाडीत?”

“पितळ,” मी म्हणाले. त्याला नीट ऐकू गेलं.

घरी येऊन तीन आठवडे झाले. आवाज तसाच आहे आणि डॉक्टरांच्या मते तसाच राहणार. अशा शिबिराला जाणार असाल तर आधी महिनाभर रोज चाला, गुडघ्याचे पट्टे न्या, आणि तुमचा अनुभव थोडा बाजूला ठेवायची तयारी ठेवा. मला ते गुडघ्यांपेक्षा जड गेलं. फरक एवढाच पडलाय की मी काम करते त्या पतसंस्थेत काउंटरवर कुणी “काय?” म्हणून कान पुढे केला, की पूर्वीसारखी मी मान खाली घालत नाही.

परवा आमच्या नाट्यसंस्थेच्या अरविंदरावांचा फोन आला. या वर्षीच्या स्पर्धेसाठी कपडेपट सांभाळशील का, म्हणून.

“कपडेपट नको. मला काम हवंय. स्टेजवर.”

“आणि संवाद?”

“नकोत.”

“अगं, मग करणार काय?”

ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. “येऊन दाखवते,” मी म्हणाले.

रविवारी नऊ वाजता त्यांनी हॉलवर बोलावलंय. मी आठलाच जाणार आहे. त्या रंगमंचावर दोन वर्षं उभी राहिलेली नाही. कुणी यायच्या आत अनवाणी थोडं चालून घेईन.